आप्पा विद्यापीठ बघायला आले

आप्पा कुणाच्याही घरी गेले तरी खुर्चीवर बसत नसत. दाराजवळ, जिथून चूलही दिसते आणि गोठाही दिसतो, अशी जागा हेरून भिंतीला टेकायचे. घरच्यांनी कितीही म्हटलं, "आप्पा, वर बसा की," तरी उत्तर एकच. "हितं बरं हाय. वारं लागतंय."

भर उन्हाळ्यात पत्र्याखाली कसलं आलंय वारं. म्हातारा घर वाचत बसायचा. पाण्याचा तांब्या कोण आणतं, सून हाकेसरशी येते की तीन हाका माराव्या लागतात, म्हशीपुढं वैरण टाकलीय का नुसतीच दाव्याला बांधलीय. चहा कपात पडेपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असायचा.

आप्पा सोयरिकी जुळवायचे. त्याला धंदा म्हणता यायचं नाही, कारण पैसा त्यांनी कधी घेतला नाही. लग्नात टोपी, टॉवेल आणि नारळ, एवढंच. आमच्या समाजात आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरं होती. आप्पांचं सगळं लहानपण वडिलांच्या कळपामागं दौंडपासून शिरूरपर्यंत चालण्यात गेलेलं. कुठल्या विहिरीवर कुणी पाणी दिलं आणि कुणी अंगावर कुत्रं सोडलं, हे त्यांना गाववार पाठ होतं. पुढं मेंढरं गेली, लोकांनी ऊस लावला, कांदा लावला, बंगले बांधले. आप्पांचं पाठांतर तेवढं राहिलं. "त्याच्या आज्यानं माझ्या बापाला पाणी दिलं न्हवतं," असं म्हणून त्यांनी चांगली बंगलेवाली स्थळं नाकारल्याचं मी स्वतः ऐकलंय.

त्यांच्या कामाचे दोन कायदे होते. पहिला, खोट आधी सांगायची. मुलाचं कौतुक नंतर. "पोरगा रागीट हाय. जेवण गार झालं तर ताट सरकवतो. दारू न्हाई, जुगार न्हाई, कंपनीत पर्मनंट हाय. पण ताट सरकवतो, हे मी बगितलंय." मुलीचे आईबाप हसायचे आणि होकार द्यायचे. खोट इतकी उघड सांगणारा माणूस बाकीचं खोटं कशाला सांगेल? त्यामुळं झालं असं, की आप्पांनी एखाद्या मुलीबद्दल "तिचं ठरलंय" असं म्हटलं, की तो विषय आमच्या समाजात तिथं मिटायचा. कुणी विचारायचं नाही, कुणाशी ठरलं, कधी ठरलं. आप्पा म्हणाले ना, मग ठरलं.

दुसरा कायदा, पहिल्या बैठकीत हो म्हणायचं नाही. स्थळ सोन्याचं असलं तरी हात जोडायचे आणि म्हणायचं, "घरी इचारून कळवतो." तिथल्या तिथं हो म्हणणारा माणूस उतावळा दिसतो, आणि उतावळ्याला पुढं किंमत राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा दुसरा कायदा माझ्या नशिबात आडवा यायचा होता.

मी त्यांच्या तावडीत सापडले ते शिरूरहून एमएस्सी झाल्यावर. आमचं गाव तळेगाव ढमढेरेकडून केडगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजारच्या दिवशी आप्पांना गाठलं आणि घरी बोलावलं. मला राग आला होता. साडी नेसणार नाही म्हणून मी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि शेवटी आईचं तोंड बघून नेसले होते. आप्पा दाराशी बसले. पिशवीतून काकडी काढली, मिठाची पुडी काढली. ही काकडी कायम त्यांच्या पिशवीत असायची. दुसऱ्याच्या घरी पोहे खाल्ले की जीभ मिंधी होते म्हणायचे. तर काकडी खात खात त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"म्होरं काय करायचं म्हंतीस?"

याला मुलींनी "तुम्ही म्हणाल ते" असं उत्तर द्यायचं असतं. मी म्हणाले, "पीएचडी करायचीय. प्रवेश परीक्षा पास झालेय. मुलाखत राहिलीय."

आई आत भांडं आपटून गेली. आप्पा मात्र काकडी खाली ठेवून सरळ बसले.

"हे कुठं असतंय?"

"पुण्याला. विद्यापीठात."

"किती वर्सांचं?"

"चार-पाच तरी."

"कुणाच्या हाताखाली ऱ्हायचं?"

"गाईड असतात. मॅडम आहेत एक. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी खारट होत चाललंय ना, त्याच्यावर त्यांचं काम आहे."

"खर्च?"

मला जेवढा माहीत होता तेवढा सांगितला. सरकारी विद्यापीठ आहे, फी मोठी नाही, वसतिगृह मिळालं तर स्वस्तात भागेल. आप्पांनी तात्यांकडं बघितलं. खिशात आणलेला नवऱ्यामुलाचा फोटो त्यांनी बाहेर काढलाच नाही. म्हणाले, "पोरीनं आपलं स्थळ आपुन काढलंय. ते आदी बगून घिऊ."

तात्या वाईट माणूस नाहीत. पण त्यांचीही एक बाजू होती. मला सव्विसावं लागायला आलं होतं आणि भावकी येता-जाता विचारत होती. ते म्हणाले, "आप्पा, तुमी म्हंताय तर बगू. पण यंदा झालं तर झालं. यंदा न्हाई झालं, तर मिळंल त्या चांगल्या स्थळाला मी पोरगी देणार. मग ऐकायचो न्हाई कुणाचं."

आठवड्याभरात आम्ही तिघं केडगावहून सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालो. मी मॅडमना फोन करून सांगते म्हणत होते, तर आप्पांनी हाणून पाडलं. स्थळ सांगून बघायचं नसतं, सांगून गेलं की पोहे मिळतात, घर कळत नाही. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. डोक्याला फेटा, हातात काकडीची पिशवी, आणि हा माणूस विद्यापीठ बघायला निघालेला.

सगळ्यात आधी त्यांनी फाटकाबाहेरचा चहावाला धरला. आमच्याकडं कुठल्याही घराची खबर काढायची तर ते पिठाच्या गिरणीवाल्याला विचारायचे; इथं गिरणी नव्हती म्हणून चहावाला. मग विभागाचा शिपाई. "साहेब, हितं कुलूप किती वाजता लागतंय? पोरी तवर एकल्याच असत्यात का?" मग मला म्हणाले, बायकांचं न्हाणीघर बघून ये, पाणी आहे का बघ. मग प्रयोगशाळेच्या दारात भिंतीला टेकून खाली बसले. आत दोन मुली बाटल्यांवर नंबर टाकत होत्या. त्यातल्या एकीला ओरडूनच विचारलं, "बाय, जेवली का? घरी कवा गेलीवतीस?" ती बाहेर आली आणि अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून बोलत राहिली. शेवटी तिनं त्यांची काकडी खाल्ली.

फीच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "सगळं वेबसाईटवर आहे, बाबा."

"ती माज्याशी बोलत न्हाई. तुमी बोला."

मागं रांग होती. तरीही कारकुनाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं एका चिठ्ठीवर ओळीनं लिहून दिलं. प्रवेशाची फी, दर सहामाहीची फी, वसतिगृह, खानावळ, ग्रंथालयाचं डिपॉझिट. आप्पांनी चिठ्ठी तात्यांकडून वाचून घेतली आणि परत आत सरकवली. "आन् आता लपल्याला सांगा. लगीन म्हणलं की लपल्याला खर्च असतोय." कारकून हसला. खाली आणखी चार ओळी वाढल्या. जिल्हाभर हिंडून पाण्याचे नमुने आणायचा प्रवास, बाहेरच्या तपासण्या, प्रबंधाची छपाई, आणि शिष्यवृत्ती उशिरा आली तर मधले महिने काढायचे ते. पुढं पीएचडीची सगळी वर्षं मी त्या चिठ्ठीबरहुकूम खर्च केला. एक ओळ चुकली नाही.

मग मॅडम. बारीक अंगकाठी, केस पांढरे, टेबलावर विहिरींचे नकाशे. फेटेवाला माणूस खुर्ची सोडून दाराशी बसतोय बघून त्याही उठून दाराशी आल्या आणि स्टूल घेऊन बसल्या. आप्पांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "तुमच्याकडं किती पोरं आली, किती पार पडली, आन् किती वाटंतनं माघारी गेली?"

मी खाली बघत होते. तात्या घसा खाकरत होते.

मॅडम म्हणाल्या, "सहा आले. चार झाले. एक अजून करतोय. एक सोडून गेली."

"का गेली?"

मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं. तिच्या घरी आजारपण होतं आणि मी तिच्याकडं कामाच्या तारखा मागत राहिले. नंतर कळलं, तेव्हा उशीर झाला होता."

आप्पा उठले. हात जोडले. बाहेर आल्यावर तात्यांना म्हणाले, "खोट आदी सांगितली. घर चांगलं हाय. पोरगी हितंच द्यायची."

इथवर सगळं छान होतं. आता माझा गाढवपणा.

मुलाखतीच्या आधी आप्पांनी माझी तयारी करून घेतली. विहिरींचं मला यायचं. त्यांनी बाकीचं घेतलं. ताठ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, येत नसेल तर येत नाही म्हणायचं, आणि त्यांनी देऊ केलं तरी झडप घालायची नाही. "घरी इचारून कळवते म्हणायचं. पोरगी घरंदाज दिसती." मला ते पटलं होतं, हे कबूल करते. एमएस्सी झालेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या मला ते शंभर टक्के पटलं होतं.

समितीत पाच जण होते. विहिरी, क्षार, उसाचं पाणी, सगळ्याची उत्तरं मी दिली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे. पण मॅडमकडं यंदा एकच जागा आहे आणि तिच्यावर तिघं आहेत. विषय थोडा बदलून शेजारच्या विभागात जागा दिली तर घ्याल? मॅडम सहमार्गदर्शक राहतील."

मी हात जोडले. "घरी विचारून कळवते, सर."

"निर्णय तुमचा की घरच्यांचा?"

मी हसले. आपण किती शोभून दिसतोय असं मला वाटत होतं. "विचारून सांगितलेलं बरं, सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. मॅडम खिडकीकडं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवायला फोन केला तेव्हा यादी लागून गेली होती. दोन्ही जागा गेल्या होत्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, तिथं हो म्हणायचं होतंस. त्यांना वाटलं, तुझीच तयारी नाही."

आप्पा आले तेव्हा मी रडून रडून सुजले होते. त्यांनी मला काय विचारलं आणि मी काय बोलले ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मी त्यांना बिनफेट्याचं कधी बघितलं नव्हतं. "ते मी शिकिवल्यालं," म्हणाले. "पोरीचं काय चुकलं न्हाई."

तात्या म्हणाले, "झालं ते झालं. आप्पा, आता स्थळ बगा."

"बगतो," आप्पा म्हणाले. चहा न घेताच गेले.

मी मनात म्हटलं, संपलं. दिवाळी झाली की हळद लागणार.

आणि मग एक नवल झालं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, पण आमच्या दारात एक स्थळ आलं नाही. आधी महिन्याला दोन यायची. आई चिंतेनं वाळली. "पोरीत काय खोट हाय का, आप्पा?" असं तिनं त्यांना तोंडावर विचारलं. आप्पा खाली बघून म्हणाले, "यंदा मुलांकडचीच मान्सं थंड हाईत." मी मात्र गुपचूप देवाचे आभार मानत होते आणि गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरत होते. मॅडम तपासून द्यायच्या. अभ्यास दुप्पट केला. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत झाली, आणि अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. सगळे हसले. मॅडमच्याच हाताखाली जागा मिळाली. वर्ष सरलेलं असूनही स्थळ हाताशी नव्हतं, म्हणून तात्यांनीही जा म्हटलं.

दोन महिन्यांनी वसतिगृहात तात्यांचा फोन आला. आवाज चढलेला. तळेगावच्या बाजारात त्यांना दौंडकडचे एक पाहुणे भेटले आणि म्हणाले, "पोरीचं लगीन कवा? गेल्या साली आमी इचारलं तवा आप्पा म्हणलं, ठरलंय." तात्यांनी विचारलं, कुणाशी ठरलंय? पाहुणे म्हणाले, आम्हाला काय माहीत, तुमचं तुम्हाला माहीत. मग तात्यांनी आणखी दोन-चार ठिकाणी चौकशी केली. सगळीकडं तेच. वर्षभर जो-जो माझ्याबद्दल विचारायला आला, त्याला आप्पांनी सांगितलं होतं, तिचं ठरलंय.

"बिगर ठरल्यालं ठरलंय म्हणून सांगतो म्हंजी काय?" तात्या ओरडत होते. "लोकं म्हंत्यात, त्याच्या भाच्यासाठी धरून ठेवलीवती. माज्या पोरीला."

मी पुढच्याच गाडीनं गेले. केडगावला उतरून आधी घरी नाही, आप्पांकडं. ते दाराशीच बसले होते. स्वतःच्या घरातही खुर्चीवर बसत नसत. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कळलं वाटतं."

"आप्पा, का सांगितलंत असं?"

"तुजी जागा माज्या शिकवणीपायी गेली. तुजा बाप शब्दाचा पक्का. एक स्थळ जरी दारात आलं असतं तरी त्यानं तुला दिली असती. तवा येऊच दिलं न्हाई."

"मी तात्यांना सांगते. आत्ता जाऊन सांगते."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "न्हाई सांगायचं. म्हाताऱ्याला चळ लागला म्हंत्यात, म्हणू दे. पोरीच्या शिक्षणापायी आप्पा खोटं बोलला असं बाहेर पडलं, तर उद्या दुसऱ्या पोरीचा बाप काय म्हणंल? शिकायला धाडलं की पोरी असली नाटकं करत्यात. मग कोण धाडतंय? तू तुजं बग."

मी गप्प बसले. चांगली चार वर्षं गप्प बसले, आणि त्या चार वर्षांत काय झालं ते सुट्टीला येऊन बघत राहिले. आप्पांना सोयरिकीला बोलावणं बंद झालं. खोट आधी सांगणारा माणूस असं खोटं बोलला, म्हणजे आधीचंही काय खरं धरायचं, असं लोक म्हणायला लागले. लग्नात त्यांना कुणी पुढं बसवेना. आप्पा रस्त्यात दिसले तरी तात्या मान वळवायचे. मला ते बघवायचं नाही, आणि तरी मी विहिरींचे तक्ते भरत बसायचे. हे लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न काढलं. थोरली बहीण बिनलग्नाची असताना धाकट्याचं कसं, यावर भावकीनं काय काय म्हटलं तो वेगळा विषय. मी प्रबंध विद्यापीठात देऊन घरी आले होते. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो होतो. आई चहा टाकत होती. चुलते म्हणाले, "मुलगी कुठली बघायची? आप्पांना एकदा इचारावं का?"

तात्या म्हणाले, "त्याचं नाव काढू नका. त्याच्या शब्दाला आता कुत्रं इचारत न्हाई."

मग माझ्यानं राहवलं नाही. आप्पांचा शब्द मोडतेय हे मला कळत होतं. मी सगळं सांगितलं. हो म्हणायच्या जागी मी काय बोलले ते, ते मला कुणी शिकवलं ते, स्थळं का आली नाहीत ते, आणि कुणाला सांगू नको म्हणून आप्पांनी का बजावलं तेही. आई चहाचं गाळणं हातात धरून दारात उभी राहिली. चुलते टोपी फिरवत बसले.

तात्या म्हणाले, "चार वर्सं मी त्या मान्साला राम राम केला न्हाई."

उठले. खुंटीवरची टोपी घेतली, पायात चपला घातल्या.

आई म्हणाली, "अवो, चहा झालाय. घेऊन तरी जावा."

"असू दे," तात्या म्हणाले. "आप्पांकडं घेतो."